घर्षण नगण्य मानून

भौतिकशास्त्राची गणितं सोडवलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी गिळलेलं असतं: 'घर्षण नगण्य माना.' उतारावरून ठोकळा घसरतोय, घर्षण नगण्य माना. कप्पीवरून दोरी गेलीय, कप्पीला वजन नाही आणि दोरी ताणत नाही असं माना. चेंडू तिरका फेकलाय, हवा नाहीच असं समजा. एवढं सगळं मानून झाल्यावर जे उत्तर येतं ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांशी जुळतं, जगाशी नाही. प्रयोगशाळेत तोच ठोकळा त्याच कोनाच्या फळीवर ठेवला तर बेटा जागचा हलत नाही, बोटाने ढकलावा लागतो. हुशार पोरं यातून एक धडा फार लवकर घेतात, की गणित हे गणितापुरतं असतं. सायन्सला रामराम ठोकणाऱ्या कित्येकांचं मन इथूनच उडायला लागतं असा माझा जुना संशय आहे.

म्हणूनच अकरावीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा मला बाकीच्या धड्यांहून वेगळा वाटतो. तिथे घर्षण नगण्य मानावं लागत नाही, ते खरोखरच नगण्य असतं. कप्पी नाही, दोरी नाही, फळी नाही. एक मोठी वस्तू, एक लहान वस्तू आणि मधे पोकळी. पुस्तकात काढलेलं स्वच्छ वर्तुळ वर आकाशात जवळपास तसंच्या तसं असतं, आणि सोळा वर्षांच्या मुलीने वहीत काढलेलं उत्तर इस्रोच्या आकड्याशी जाऊन भिडू शकतं. शाळेच्या पुस्तकात अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

ही सोळा वर्षांची मुलगी म्हणजे माझी भाची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स, म्हणजे सगळा कारभार इंग्रजीत. नारायणगावात माझं शेती-औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक पांगलेलं असतं तेव्हा ती वही घेऊन काउंटरच्या आत येऊन बसते. मी एके काळी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो, त्याचा ठिबकच्या नळ्या विकताना काही उपयोग होत नाही, त्यामुळे तिची गणितं ही माझी चैन आहे.

पहिला अडखळा सगळ्यांचा एकच. उपग्रह ४०० किलोमीटर उंचीवर आहे म्हटलं की पोरं सूत्रात ४०० घालून मोकळी होतात. अंतर धरायचं ते पृथ्वीच्या केंद्रापासून, म्हणजे ६४०० अधिक ४००. एकदा कळलं की कळलं. त्यापुढचा प्रश्न जास्त मजेचा होता. "मामा, उपग्रहाचं वस्तुमान दिलंय, ते कुठे घालायचं?" कुठेच नाही. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना ते येतं आणि कटतं. पेपर काढणारे ते मुद्दाम देतात, पोरं घाबरतात का बघायला.

पण वहीत मारलेल्या त्या एका तिरक्या रेघेत बरंच काही आहे. अवकाशस्थानक, आतला अंतराळवीर आणि त्याच्या हातून सुटलेला चमचा, तिघांसाठी वेग एकच, वाट एकच. तिघंही बरोबरीने पडत असतात म्हणून एकमेकांच्या शेजारी तरंगतात. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. ४०० किलोमीटरवर जीची, म्हणजे पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाची, किंमत काढली तर ८.७ च्या आसपास येते, जमिनीवर असते ९.८. म्हणजे नव्वद टक्क्यांच्या जवळपास ओढ शाबूत. हे आकडे स्वतःच्या हाताने काढल्यापासून टीव्हीवर कुणी 'शून्य गुरुत्वाकर्षण' म्हणालं की भाची रिमोट शोधायला लागते.

मग पडतात तर आदळत का नाहीत? न्यूटनने यासाठी उंच डोंगरावर तोफ ठेवून बघितली, अर्थात कागदावर. आम्ही तेच आकड्यांत केलं. हातातून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे एका सरळ रेषेत ७.९ किलोमीटर पुढे गेलं की खालची जमीनही नेमकी ४.९ मीटर खाली गेलेली असते. हे पायथागोरसच्या प्रमेयातून दोन ओळींत निघतं, दहावीची भूमिती पुरते. सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवं फेकलेलं काहीही मग पडतच राहतं आणि जमीन त्याला सापडत नाही. चंद्राचंही तेच. तो पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट लांब आहे, ओढ छत्तीसशे पटीने कमी, म्हणून तो सेकंदाला जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो. भाचीने पट्टीवर ते अंतर बोटाने मोजून पाहिलं. न्यूटनलाही या हिशेबाने खात्री पटत गेली होती, की झाडाखालचं आणि चंद्रावरचं बळ एकच.

वर्गात त्यांना गोफणीचं उदाहरण दिलं होतं. आमच्याकडे बाजरी निसवली की पाखरं राखायला गोफण अजून निघते, त्यामुळे ते तिला पटकन पटलं आणि तिथेच घोटाळा झाला. गोफणीत वेग ठरवणारा हात आपला असतो. दोरी तेवढीच ठेवून हळू फिरवा, गरगर फिरवा, दोरी तो ताण सोसते. गुरुत्वाकर्षण असं ऐकून घेत नाही. अंतर ठरलं की ओढ ठरली, ओढ ठरली की वर्तुळातला वेग ठरला. ४०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ७.६७ किलोमीटर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ३.०७. घासाघीस नाही.

ही दुसरी उंची भूस्थिर उपग्रहांची. तिथली एक फेरी पृथ्वीच्या एका गिरकीइतक्याच वेळात, २३ तास ५६ मिनिटांत होते, म्हणून खालून उपग्रह एका जागी खिळल्यासारखा राहतो. हे उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असतात आणि आपण त्याच्या उत्तरेला, म्हणून गावातल्या प्रत्येक घरावरची डिशची थाळी दक्षिणेकडे तोंड करून असते. आमच्या जवळच आर्वीला १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, तिथली भलीमोठी थाळी माझ्या वडिलांनी सायकलवर जाऊन पाहिली होती. पूर्वी परदेशी फोन केला की पलीकडचा माणूस उत्तर द्यायला थांबल्यासारखा वाटायचा. उपग्रहामार्गे प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तराला तेवढाच. अर्धा सेकंद. तो विचार करतोय असं आपल्याला उगीच वाटायचं.

आता खरी गंमत. खालच्या कक्षेत ७.६७, वरच्या कक्षेत ३.०७. "म्हणजे वर जायचं तर ब्रेक मारायचा?" भाचीने विचारलं. तर्काला धरून प्रश्न, आणि उत्तर बरोबर उलटं. ब्रेक मारला की उपग्रह खाली येतो. वर जायचं तर वेग वाढवायचा, आणि एकदा नाही, दोनदा. आम्ही हिशेब मांडला. खालच्या कक्षेत असताना इंजिन चालवून वेग ७.६७ वरून १०.०७ वर न्यायचा. आता वर्तुळ मोडतं, लांबट कक्षा होते. उपग्रह चढणीला लागतो आणि चढता चढता मंदावतो, पार वर पोचेपर्यंत १.६२ उरतात. त्या उंचीला हवेत ३.०७, म्हणजे हा तिथे फार हळू आहे, काही केलं नाही तर परत खाली घसरेल. म्हणून पुन्हा इंजिन, पुन्हा वेगवाढ. दोन वेळा मिळून सेकंदाला ३.८५ किलोमीटर वेग घातला आणि सुरुवातीपेक्षा ४.६ ने कमी वेग पदरात पडला.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होती. मी काही बोललो नाही, कारण इथे समजावण्यासारखं काही नसतं, फक्त ऊर्जेचा हिशेब दोन्ही बाजूंनी लिहून बघायचा असतो. घातलेली सगळी ऊर्जा, आणि जवळच्या गतिज ऊर्जेतलीही बरीचशी, उंचीच्या खात्यात गेलेली असते. एकूण ऊर्जा वाढली, वेग घटला. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी. लहानपणापासून सायकल चालवून, बैलगाडी ढकलून आपल्या अंगात जे भौतिकशास्त्र मुरलेलं असतं ते इथे कामाला येत नाही, आणि मला वाटतं त्या मुरलेल्या शहाणपणाचा मान ठेवून त्याला बाजूला बसवणं हेच या धड्यातलं अवघड काम आहे. सूत्रं सोपी आहेत.

यात विद्यार्थीच चकतात असंही नाही. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातून जेम्स मॅक्डिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. टप्पा समोर दिसत होता, त्यांनी यानाचं नाक तिकडे करून इंजिन चालवलं. वैमानिक माणूस, विमानात हेच करतात. पण ढकलल्यामुळे यानाची कक्षा बदलत गेली आणि ते टप्प्यापासून दूरच राहिलं. इंधन खर्ची पडायला लागल्यावर तो नाद सोडावा लागला. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर होते, त्याला मागून गाठायचं आणि मग वर यायचं. भारताच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला एकत्रच वर गेले होते, तरी एकमेकांना जोडले गेले १६ जानेवारीला. ही सगळी सावध जवळीक या एकाच उफराट्या नियमाभोवती आखावी लागते.

आणि घर्षण? खालच्या कक्षांत ते पुरतं गेलेलं नसतं, हे कबूल करायला हवं. ४०० किलोमीटरवरही हवेचे विरळ कण असतात, त्यामुळे अवकाशस्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं. पण इथेही उफराटेपणा आहेच. हवेच्या विरोधाने उपग्रहाची ऊर्जा जाते, तो खाली येतो आणि खालच्या कक्षेचा वेग जास्त, म्हणून तो घर्षणामुळे चक्क जोरात धावायला लागतो. स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक असंच खाली खाली आलं. सूर्यावरची हालचाल वाढली, पृथ्वीचं वातावरण फुगलं आणि ते अंदाजाआधी ११ जुलै १९७९ ला कोसळलं. आमच्या वडिलांना तो दिवस लख्ख आठवतो. आकाश डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव अफवा होत्या. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. भाचीने हे सगळं ऐकून आजोबांना विचारलं, "मग तुम्ही त्याचा वेग काढला होता का?" आजोबा म्हणाले, आम्ही कोंबडं काढलं होतं, मरायचंच तर खाऊन मरू.

आपल्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे हे सगळे हिशेब लॉग टेबलवर, म्हणजे गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देणाऱ्या कोष्टकांवर. ते पिवळट पानांचं पुस्तक भाचीला शिक्षा वाटतं. मला मात्र या धड्यापुरतं ते अगदी योग्य हत्यार वाटतं, आणि हा माझा म्हातारचळ नव्हे. नेपियरने लॉगॅरिदम छापले १६१४ मध्ये, आणि ग्रहांच्या कक्षा मांडणारा खगोलशास्त्रज्ञ केप्लर त्यावर तुटून पडला. आयुष्यभर मंगळाच्या जागांचे गुणाकार-भागाकार करून तो मेटाकुटीला आलेला होता. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या निरीक्षणांत आणि आपल्या वर्तुळात फक्त आठ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो म्हणून त्याने वर्तुळंच टाकून दिली होती आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ मांडलं होतं. त्याने १६२४ मध्ये स्वतःची लॉग कोष्टकं छापली आणि १६२७ च्या रुडॉल्फाइन या ग्रहांच्या कोष्टकांत ती पद्धत वापरली. म्हणजे ग्रहांची गणितं लॉगने सोडवणं हा बोर्डाचा जाच नाही, तो घराण्याचा रिवाज आहे.

त्याच केप्लरचा तिसरा नियम: फेरीच्या काळाचा वर्ग हा सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात. लॉगमध्ये तर घन म्हणजे तीनने गुणायचं, वर्गमूळ म्हणजे दोनने भागायचं, संपलं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, की हा नियम ८ मार्च १६१८ ला त्याच्या डोक्यात आला, हिशेबात चूक झाल्यामुळे त्याने तो खोटा म्हणून सोडून दिला आणि १५ मे ला पुन्हा करून बघितल्यावर तो बरोबर निघाला. हे ऐकून भाचीचा चेहरा जो खुलला तो कुठल्याही शाबासकीने खुलला नव्हता.

मग मी तिला एक गणित घातलं, पुस्तकाबाहेरचं. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागलं. इस्रोने तेव्हा सांगितलं होतं, की कक्षेचं जवळचं टोक मंगळाच्या पृष्ठभागापासून ४२१.७ किलोमीटर, लांबचं ७६,९९३.६ किलोमीटर. मंगळाची त्रिज्या ३,३९० किलोमीटर, वस्तुमान ६.४२ गुणिले दहाचा तेविसावा घात किलो. एक फेरी किती वेळाची?

तिने आधी दोन्ही टोकांची सरासरी काढली आणि त्यात त्रिज्या न विसरता मिळवली. ४२,०९८ किलोमीटर. कोष्टकात बघायला ४२,१०० धरलं, लॉग ४.६२४३. तिप्पट १३.८७२९. मंगळाचं वस्तुमान आणि गुरुत्व स्थिरांक यांच्या गुणाकाराचा लॉग, किलोमीटरमध्ये आणून, ४.६३१६. वजा केले, निम्मे केले, दोन पायचा लॉग ०.७९८२ मिळवला. ५.४१८८. अँटीलॉग, २,६२,३०० सेकंद. साठने दोनदा भागून बहात्तर तास आणि वर बावन्न मिनिटांना थोडंसं कमी.

मी मोबाइलवर इस्रोचा आकडा काढून तिच्यासमोर धरला. ७२ तास ५१ मिनिटं ५१ सेकंद.

इतकं जुळण्यात थोडं नशीब आहे हे मी तिला सांगितलं. चार अंकी कोष्टकात मिनिट-दोन मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच, आणि मंगळ काही पूर्ण गोल नाही. तिने ते ऐकलं असं वाटत नाही. ती इस्रोचा आकडा आणि वहीतला आकडा आळीपाळीने बघत होती. "म्हणजे त्यांनीपण हेच सूत्र वापरलं?" त्यांनी बरंच काही वापरलं. सूर्याची ओढ, प्रकाशाचा दाब, मंगळाचे उंचवटे, सगळं धरलं. पण ते सगळं बाजूला ठेवल्यावर जो सांगाडा उरतो तो तिच्या वहीतला. ठोकळा आणि फळीच्या गणितात बाजूला ठेवलेल्या गोष्टी एवढ्या मोठ्या असतात, की सांगाड्याला काही अर्थ राहत नाही.

त्यानंतर काही दिवस मंगळयानच चाललं होतं. ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलेलं यान १ डिसेंबरपर्यंत पृथ्वीभोवतीच का घुटमळत होतं? कारण त्याला वर नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटची ताकद बेताची. १,३३७ किलोचं यान, त्यावर ४४० न्यूटनचं इंजिन, म्हणजे जमिनीवर जेमतेम ४५ किलोचं वजन तोलू शकेल एवढा जोर. एवढ्याशा जोरावर मंगळाला जायचं तर प्रत्येक फेरीत, पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आल्यावर, थोडा वेळ इंजिन चालवायचं. जवळच का? कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पृथ्वीजवळ यान सर्वांत वेगात असतं, तेवढ्याच मिनिटांत जास्त अंतर कापतं, तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा मिळते. नववीतलं सूत्र. ११ नोव्हेंबरला एक धक्का कमी पडला, लांबचं टोक एक लाख किलोमीटरवर जायचं ते ७८,२७६ वर अडकलं. दुसऱ्या दिवशी जादा धक्का देऊन ते १,१८,६४२ वर नेलं. भाचीने या प्रत्येक कक्षेचा फेरीकाल काढला. कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी तिला व्यंकटेश बापूजी केतकरांबद्दल सांगितलं. बागलकोटच्या शाळेत शिकवणारे, ज्योतिर्गणित लिहिणारे, केतकी पंचांगवाले. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत फ्रेंच गणिती लाप्लासला जो मेळ दिसला होता, तो त्यांनी युरेनस-नेपच्यूनच्या पलीकडे ताणून बघितला आणि १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिर्विद्या मंडळाच्या पत्रिकेत तिथे आणखी ग्रह असावेत असं मांडलं. त्यातल्या एकाचं नाव ब्रह्मा, अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२.२८ वर्षांची. प्लूटो सापडला १९३० मध्ये, त्याच वर्षी केतकर गेले. प्लूटोचं सरासरी अंतर ३९.५ पट. व्हॉट्सॲपवर यावरून 'प्लूटोचा खरा शोध मराठी माणसाचा' असा मजकूर फिरतो, तो मला पटत नाही. प्लूटो अमेरिकेच्या क्लाइड टॉमबॉला छायाचित्रांची जोडी ताडून बघताना सापडला, आणि केतकरांचा आकडा जवळ आला हा योग म्हणावा लागेल. मला कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. मुलांना शिकवून घरी आलेला एक मास्तर कागदावर नेपच्यूनच्या पलीकडे जातो आणि जाताना काळ आणि अंतर दोन्ही देतो, म्हणजे कुणालाही तपासता यावं.

भाचीने तपासलं. ३८.९५ चा लॉग, दीडपट, अँटीलॉग: २४३. "वर्षभर चुकतंय," ती म्हणाली, पण आवाजात तक्रार नव्हती. मग प्लूटोचं काढलं. २४८. ते तिने १९३० मध्ये मिळवलं आणि २१७८ आल्यावर थबकली.

"मामा, म्हणजे सापडल्यापासून त्याची एक फेरीपण झालेली नाही?"

"नाही."

"होईल तेव्हा मी एकशे एकोणसत्तर वर्षांची असेन," असं म्हणून तिने एकशे एकोणसत्तरखाली दोन रेघा ओढल्या, उत्तराखाली ओढतात तशा, आणि एकक लिहायचं राहिलं म्हणून पुढे 'वर्षे' लिहिलं.